सतरा नंबरचा जोड

"ताई, हातातलं काम टाका आणि या. तुमच्या भावाकडून मी गाडीची किल्ली काढून घेतलीय."

फोनवर मालक होते. बोलताना धाप लागलेली, मागे दोन पुरुषांची खडाजंगी चाललेली. त्यातला एक आवाज ताईंनी जन्मापासून ऐकला होता.

ताई शिवणयंत्रावर उशीचा अभ्रा शिवत होत्या. सुई तशीच कापडात रुतलेली ठेवून त्या उठल्या.

गाड्यांच्या डेपोत तीस वर्षं त्यांनी सुट्या भागांचं स्टोअर सांभाळलं होतं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी कुठल्या फळीवर कोणता नट होता ते त्या अजून डोळे मिटून सांगत. त्या डेपोत भाऊ ड्रायव्हर होता. डेपो बंद पडला, भावजय गेली, पण भाऊला घरी बसणं काही जमेना. मग ताईंनीच शब्द टाकून त्याला या मालकांकडे चिकटवला. घरोघरच्या आजाऱ्यांना ऑक्सिजनच्या टाक्या पोचवायचं काम. भाऊ चौसष्टचा होता, पण स्टिअरिंगमागे बसला की चाळिशीचा दिसायचा. त्याच्यापाशी आता तेवढंच उरलं होतं.

ताई पोचल्या तेव्हा पांढरी गाडी शेडमध्ये बॉनेट उघडून उभी होती. मालकांच्या टेबलावर, बिलांच्या चळतीवर, एक एअर फिल्टर ठेवलेला होता. चौकोनी, रबराच्या काठात बसवलेल्या कागदाच्या घड्या. इंजिनला लागणारी हवा याच्यातूनच गाळून आत जाते.

"बघा," मालक म्हणाले. "मंगळवारी हा गाडीत होता. गाडी चढावर धापा टाकायला लागली, मागून काळा धूर, आणि निम्म्यात बंद. आत आठ टाक्या. वरच्या घरात त्या निवृत्त शिक्षिका, त्यांची टाकी संपत आलेली. आमची दुसरी गाडी पोचेपर्यंत पाऊण तास गेला. शेजाऱ्यांनी बाईंना खुर्चीसकट उचलून दवाखान्यात नेलं."

"कशा आहेत आता?"

"आहेत. अजून तिथेच आहेत." मालकांनी कपाळ चोळलं. "पाच वाजता त्यांचा मुलगा येतोय. कुणामुळे झालं, एवढंच त्याला विचारायचंय. मी जे नाव सांगीन, तो माणूस उद्यापासून इथे नसेल. उस्ताद म्हणतो, पंधरा दिवसांपूर्वी नवा फिल्टर घातला. मग गाडीत जुना कसा? एक तर उस्तादने नवा ढापला, नाहीतर तुमच्या भावाने. ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हाला कळतं."

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

ताईंनी फिल्टर उचलून नाकापाशी नेला. धुळीचा वास नव्हता, डिझेलचाही नव्हता. वास कपडे धुवायच्या साबणाचा होता.

घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, पुस्तक पाण्यात पडून वाळलं की पानं चिकटतात तशा. रबराच्या काठावर पांढऱ्या रंगात तारीख होती. गेल्या वर्षीची. आणि कागदावर कडेकडेने बोटाएवढे तेलकट डाग. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार.

"उस्तादला बोलवा," त्या म्हणाल्या.

उस्ताद, म्हणजे इथला मेकॅनिक, आला तो हात पुसतच. पन्नाशीचा, कल्लेदार, रागाने लाल झालेला.

"तारीख कुणी लिहिली?"

"मी. नवा घालताना मी काठावर तारीख टाकतो. ही गेल्या वर्षीची, म्हणजे हा मी काढून टाकलेला जुना."

"काढून कुठे टाकलात?"

"भंगाराच्या पिंपात. झाकण नसतं त्याला, कुणीही हात घालावा."

"आणि तो धुतलात?"

उस्तादने कपाळावर हात मारला. "ताई, एवढा अडाणी दिसतो का मी? हा कागद आहे. याला हवा मारायची तरी आतून बाहेर, तीही लांबून, जपून. पाणी लावलं की कागद फुगतो, वाळला की घड्या मिटतात. असा फिल्टर घालणं म्हणजे गाडीच्या नाकावर उशी दाबणं. सपाटीवर ती कशीबशी चालेल. चढावर जीव सोडेल."

"आणि हे तेलाचे डाग?"

"कागदाला तेल?" त्याने फिल्टर उजेडात धरला. रागाच्या जागी चेहऱ्यावर गोंधळ आला. "हे कुठलं खूळ? माझे हात तेलकट असतात, कबूल. पण असे मोजून मापून ठसे?"

"चला, गाडी दाखवा."

फिल्टरचा काळा डबा इंजिनच्या बाजूला उघडा पडला होता. ताई चष्मा सावरत वाकल्या. डब्यात धुळीचा कण नव्हता, कोपऱ्यातसुद्धा नाही. आतून इंजिनकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी, पट्टीच्या स्क्रूत, एक पांढरा सुती धागा अडकला होता.

"हे तुम्ही पुसलंत?"

"मी हवेचा फवारा मारतो आणि झाकण लावतो. तीन गाड्या एकट्याने बघायच्या असतात, फडकं फिरवत कोण बसेल?"

ताईंनी धागा पुन्हा एकदा निरखला. नवा फिल्टर चोरायला आलेला माणूस डबा का पुसेल? चोर घाईत असतो. याला घाई नव्हती. हे काम कुणीतरी मायेने केलं होतं.

वॉचमन फाटकाशी स्टुलावर बसला होता. ताई दिसताच उठून उभा राहिला.

"गाडीला उस्तादशिवाय हात कोण लावतं?"

"भाऊ. त्यांचीच गाडी. दर सोमवारी उजाडताच येतात. बाकी दिवशी आठ, सोमवारी सहा. बॉनेट उघडतात. तेलपाणी बघत असतील."

"दर सोमवारी?"

"आता महिना-दोन महिने झाले. आधी नव्हतं तसं."

"या सोमवारी?"

"आले होते. हातात कापडी पिशवी होती. मी म्हटलं, काय भाऊ, डबा आज लवकर? तर हसले. म्हणाले, साहेब यायच्या आत उरकू दे."

"साहेब म्हणजे मालक?"

"असतील. मालकांना साहेब म्हणायची ही त्यांची नवीनच तऱ्हा."

भाऊ शेडच्या पलीकडे, पालथ्या क्रेटवर बसला होता. ताईंना बघून त्याने जागा करून दिली.

"ये. पोलिसात का नाही गेलीस गं तू? चोर स्वतःच्या पायाने येऊन कबूल झाले असते तुझ्यापुढे."

"स्टोअरमध्ये होते तेच बरं होतं. नटबोल्ट उलटून बोलत नाहीत." ताई त्याच्याजवळ टेकल्या. "भाऊ, सोमवारी तू सहाला आला होतास?"

"कुठे?"

"इथे."

"मी आठला येतो. रोज आठला."

"बॉनेट उघडलंस?"

"छे! महिनाभर बॉनेटला हात लावलेला नाही. उस्तादच्या कामात आपण कशाला नाक खुपसा?"

"वॉचमन म्हणतो, तू उघडलंस."

"तो स्टुलावर घोरत असतो! ताई, मी खोटं बोलतोय का?"

ताईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. लहानपणापासून भाऊ थाप मारताना पायाच्या अंगठ्याकडे बघायचा. भावजयीने त्यावरून त्याला कितीदा पकडलं होतं. आत्ता तो थेट ताईंच्या डोळ्यांत बघत होता. नितळ नजर. तो खोटं बोलत नव्हता.

मग खोटं कोण बोलत होतं? वॉचमनला काय मिळणार होतं?

"त्या बाई कशा आहेत?" भाऊने विचारलं.

"आहेत. दवाखान्यात."

"माझी वाट बघत बसल्या असतील खिडकीत. चढ दिसतो त्यांना तिथून. गाडी अडकलेली दिसली असेल." तो जमिनीकडे बघत राहिला. "मी काही करू शकलो नाही गं. नुसता हॉर्न वाजवत बसलो."

मग भाऊने मान वर केली. "आणि त्या बाई कशा आहेत?"

ताईंना वाटलं, बिचाऱ्याला धक्का बसलाय. त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं.

दुपारी एक वाजता त्या भाऊच्या खोलीवर गेल्या. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची. त्याला निर्दोष ठरवणारं काहीतरी मिळेल, सोमवारी आठपर्यंत तो घरीच होता असं दाखवणारं काही, या आशेने गेल्या. शेजारणीने दारातच ती आशा मोडली.

"सोमवारी? पहाटेच गेले की. रविवारी दुपारभर काहीतरी धूत होते, मोरीत. मी म्हटलं, भाऊ, कपडे मशीनला टाका माझ्याकडे. तर म्हणाले, हे मशीनचं काम नव्हे."

खोली नीटनेटकी होती. पलंगावर चादर ताणून घातलेली. ताईंना पहिल्यांदा बरं वाटलं. मग त्या वाचायला लागल्या.

डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. मीठ. साखर. चहा. ठीक आहे, एकटा माणूस. कपाटावर 'चष्मा, वरच्या खणात'. दाराच्या आतल्या बाजूला 'गॅस, कुलूप, किल्ली', एकाखाली एक. आणि फोनच्या वर निळ्या पेन्सिलीने मोठ्या आकड्यांत लिहिलेला ताईंचा नंबर. तो नंबर भाऊला तीस वर्षं तोंडपाठ होता. झोपेत विचारला असता तरी सांगितला असता.

ताई पलंगाच्या कडेवर बसल्या.

समोर मोरीत बादली पालथी होती. खिडकीत सावलीच्या बाजूला एक दोरी, तिला दोन चिमटे. खाली पत्र्याची वाटी, तळाला घोटभर इंजिन ऑइल.

त्या वाटीकडे बघता बघता ताईंना स्टोअरची खिडकी दिसायला लागली. सोमवारची सकाळ. खिडकीपुढे ड्रायव्हरांची रांग, प्रत्येकाच्या हातात एक वाटी. 'ताई, तेल. ताई, बोळा. ताई, आज हसलात तर काय बिघडेल का?' भाऊ सगळ्यांत पुढे. सख्खा भाऊ असून सही केल्याशिवाय त्यांनी त्याला कधी चिंधीसुद्धा दिली नव्हती, आणि त्यावरून तो त्यांना डेपोभर चिडवायचा. किती आवाज असायचा तेव्हा! किती माणसं!

त्यांनी खाली वाकून पलंगाखालची ट्रंक ओढली. तिच्यात काय असणार हे त्यांना माहीत होतं. ते नसावं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

ते होतं.

साडेचारला मालकांच्या खोलीत सगळे बसले. मालक, उस्ताद, दाराशी वॉचमन, खिडकीपाशी भाऊ. ताईंनी पिशवी मांडीवर धरली होती.

येताना वाटेत त्यांनी दोनदा ठरवलं होतं की पिशवी कालव्यात टाकायची. काही सापडलं नाही म्हणायचं. मालक उस्तादचं नाव सांगतील, भाऊची किल्ली परत मिळेल. आणि पुढच्या सोमवारी? पुढच्या चढावर? ताई पुलावर बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या. शेवटी पिशवी हातातच घेऊन आल्या.

"सांगा ताई," मालक म्हणाले.

"चोरी झालेली नाही," ताई म्हणाल्या. "इथून सुरुवात करते. ज्याने हे केलं त्याने डबा पुसून लख्ख केला. चोर पुसत नाही. पुसण्याआधी त्याने इंजिनच्या नळीत पांढरा बोळा कोंबला, आत धूळ पडू नये म्हणून. धागा स्क्रूला अडकून राहिला. उस्ताद, तुमच्याकडे बोळा कोंबतात का?"

"नाही. पाहिलंही नाही कधी."

"आमच्या डेपोत कोंबायचे. बोळे मीच मोजून द्यायची. दुसरी गोष्ट, साबण आणि तेल. तेव्हाच्या गाड्यांत कागदाचे फिल्टर नव्हते. स्पंजाचे होते. ते साबणाच्या पाण्यात धुवायचे, सावलीत वाळवायचे, आणि तेलात बोटं बुडवून दोन्ही बाजूंनी चार-चार ठसे उठवून चोळायचे. धूळ तेलाला चिकटायची. ती रीत स्पंजाला बरोबर होती. कागदाला लावली की कागद मरतो."

उस्तादने फिल्टरकडे पाहिलं. मग खूप सावकाश भाऊकडे पाहिलं.

"तिसरी गोष्ट. डेपोत प्रत्येक गाडीला दोन फिल्टर असायचे. एक गाडीत, एक धुतलेला, तयार. त्याला आम्ही जोड म्हणायचो. दर सोमवारी सकाळी सहाला, साहेबांची फेरी व्हायच्या आत, अदलाबदल. गाडीतला काढायचा, जोड घालायचा. काढलेला घरी नेऊन कागदात गुंडाळायचा, वर गाडीचा नंबर टाकायचा, रविवारी धुवायचा. वॉचमनने काही खोटं सांगितलं नाही. दर सोमवारी सहाला एक माणूस इथे येत होता. आधी बरेच सोमवार त्याने नुसतं बॉनेट उघडून पाहिलं असेल, कारण त्याच्याकडे जोड नव्हता. मग उस्तादने जुना फिल्टर पिंपात टाकला, आणि त्याला जोड मिळाला. या रविवारी त्याने तो धुतला, तेल लावलं, सोमवारी गाडीत घातला. आणि नवा कोरा, जपून, घरी नेला."

त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काढून टेबलावर ठेवलं. पेपर या सोमवारचा होता. मालकांनी घडी उलगडली. आत नवा फिल्टर. काठावर उस्तादच्या अक्षरात पंधरा दिवसांपूर्वीची तारीख.

पेपरच्या वरच्या बाजूला निळ्या पेन्सिलीने आकडा लिहिला होता. १७.

"सतरा?" मालक म्हणाले. "आपल्याकडे तर तीनच गाड्या आहेत."

"सतरा नंबर डेपोतली गाडी होती," ताई म्हणाल्या. "अठरा वर्षं एकच माणूस ती चालवायचा. वीस वर्षांपूर्वी ती भंगारात गेली."

भाऊ खिडकीपासून उठून टेबलापाशी आला. आकड्यावर बोट ठेवलं. सातची मान नेहमीसारखी लांब काढलेली.

"अक्षर माझं आहे," तो म्हणाला.

"हो."

"पण मी नाही केलं, ताई. मला आठवत नाही म्हणजे मी नाही केलं. शपथ घेऊ?"

"नको घेऊस. तू खोटं बोलत नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे." ताईंनी त्याचं बोट आकड्यावरून हलकेच उचललं. "हात तुझे होते. तू नव्हतास."

उस्ताद खुर्चीतून उठला. सकाळी त्याने या माणसाची गचांडी धरली होती. आता ते हात कुठे ठेवावे हे त्याला कळेना. "भाऊ, मला वाटलं, कुणीतरी माझ्या वाईटावर आहे," तो म्हणाला. "तुम्ही मला विचारायचं तरी होतं हो. मी सांगितलं असतं, हे धुवायचं नसतं."

"काय धुवायचं नसतं?" भाऊने विचारलं.

उस्तादने मान फिरवली.

मालकांनी फिल्टर पुन्हा कागदात गुंडाळला. "ताई, डॉक्टर... काही औषध असेल ना?"

"उद्या नेते. डॉक्टर काय सांगणार ते मला आजच दिसतंय." त्या पदराने चष्मा पुसत राहिल्या. "त्याच्या खोलीत जागोजागी चिठ्ठ्या आहेत. त्याला कळत होतं. महिनोन्महिने एकट्याने झाकत होता. मी दर रविवारी फोन करायची, आणि तो मला हसवायचा. तीस वर्षं स्टोअरमध्ये सुई हरवू दिली नाही मी."

फाटकाशी मोटरसायकल थांबली. वॉचमन आत डोकावला. "त्या बाईंचा मुलगा आलाय."

मालक उठू लागले. भाऊने हाताने त्यांना बसवलं.

"थांबा. नाव तुम्ही कशाला घेता? गाडी माझ्या ताब्यात होती. मी सांगतो."

"भाऊ, राहू दे," ताई म्हणाल्या.

"ताई, एवढं तरी मला करू दे."

त्याने शर्ट खोचला, केसांवरून हात फिरवला आणि तो ताठ मानेने बाहेर गेला. ताई मागोमाग दारापर्यंत गेल्या. अंगणात एक दमलेला तरुण हेल्मेट हातात धरून उभा होता. दोन रात्री दवाखान्यात काढलेल्या माणसाचे डोळे.

"तुमच्या आई माझ्यामुळे दवाखान्यात आहेत," भाऊ म्हणाला. आवाज खणखणीत. "दुसऱ्या कुणाचा दोष नाही. मी ड्रायव्हर. चूक माझी. मला माफ करा म्हणणार नाही."

तरुण गोंधळला. तो भांडायला आला होता, आणि समोरच्याने भांडण आधीच हरून दिलं होतं. "अहो, पण केलंत काय तुम्ही?" तो म्हणाला. "मला फक्त तेवढं कळू दे. नेमकं झालं काय?"

भाऊने तोंड उघडलं. मिटलं. त्याची नजर गाडीकडे गेली, उघड्या बॉनेटकडे, तिथून स्वतःच्या हातांकडे. मग तो वळला आणि त्याने दारात उभ्या असलेल्या बहिणीकडे बघितलं, लहानपणी शाळेत पाढा अडला की बघायचा तसं.

"ताई," त्याने हळूच विचारलं, "मी काय केलं होतं गं?"

ताई पायरी उतरून खाली आल्या. त्याचा हात हातात घेतला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या.